शुक्रवारचं पाणी

न्यूयॉर्कहून गावी येताना दानिलोनं तीन बॅगा भरून आणल्या होत्या. त्यात साबण होते, चॉकलेटं होती, चुलतभावांसाठी टोप्या होत्या आणि बहिणीसाठी, म्हणजे सिलासाठी, एक मिक्सर होता. स्वतःसाठी त्यानं एकच वस्तू आणली होती, ती म्हणजे डोंगर चढायचे बूट. ते त्यानं ओसरीवर सगळ्यांना दिसतील असे मांडून ठेवले आणि आल्यागेल्याला त्यांचे गुण सांगत बसला.

सिलानं कॉफी गाळता गाळता त्यांच्याकडे एकदाच पाहिलं.

"प्रिएता चढायला चाललायस की चंद्रावर?"

"अगं, दुकानदार म्हणाला, या बुटात पाय मुरगळतच नाही."

"पाय नाही मुरगळणार. पोटाचं काय? ते कुठल्या बुटात घालणार आहेस?"

दानिलो इतका हसला की ओसरीवरच्या कोंबड्या पळाल्या. चोपन्न वर्षांचा बाप्या, पण हसणं अजून पोराचंच होतं. तिकडे तो एका मोठ्या इमारतीची देखभाल करायचा. तळघरात राहायचा, पाण्याच्या टाक्या आणि नळ सांभाळायचा, आणि त्याच्या दिवसभराच्या चालण्याचा हिशेब लिफ्टपासून दारापर्यंत संपायचा. रक्तदाबाची गोळी रोजची होती. पण यंदा पवित्र आठवड्याच्या सुट्टीत त्याला डोंगर चढायचा होता आणि तो कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हता. खरं म्हणजे तो बापासाठीच चढणार होता. बाप गेला तेव्हा तिकडचे कागद पुरे झालेले नव्हते. निघाला असता तर परत जाता आलं नसतं, म्हणून तो आलाच नाही. मातीला न आल्याचं शल्य त्याच्या मनात घर करून राहिलं होतं.

गावात रीत अशी, की पवित्र शुक्रवारी उपाशीपोटी प्रिएताचा डोंगर चढायचा, माथ्यावरच्या तीन क्रुसांपाशी आपापला एक दगड ठेवायचा आणि खाली येऊन उपास सोडायचा. बाप दर वर्षी जायचा. दानिलो लहानपणी एकदाच गेला होता, तेही निम्मी वाट बापाच्या खांद्यावर बसून. आता त्यानं ओढ्याकाठून चांगला नारळाएवढा दगड निवडून आणला आणि पिशवीत घातला.

"एवढा मोठा कशाला?" त्याची मुलगी यारित्सा म्हणाली. ती तिकडेच जन्मलेली, बावीस वर्षांची, उंच, आणि इकडची भाषा जरा अडखळत बोलणारी.

"इतक्या वर्षांचा राहिलेला आहे ना, एकदमच नेतो," दानिलो म्हणाला.

सिलानं त्याचं जाकीट घडी करून पिशवीवर ठेवलं. माथ्यावर वारा असतो आणि घामेजलेल्या अंगाला वारा लागू द्यायचा नसतो, हे तिच्या घरात कुणाला सांगावं लागत नसे.

हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांची आई लोकांचे कपडे इस्त्री करायची, कोळशाच्या जड इस्त्रीनं. एकदा सकाळपासून चादरींचा ढीग उपसून झाल्यावर अंगातून नुसत्या वाफा निघत असताना पाऊस आला, आणि आई तशीच दोरीवरचे कपडे काढायला अंगणात धावली. आत येऊन तिनं रांजणातल्या गार पाण्यानं हात धुतले. संध्याकाळी तिचं तोंड एका बाजूला वाकडं झालं. चार वर्षांच्या दानिलोला वाटलं, आई वेडावून दाखवतेय. तो टाळ्या पिटून हसला आणि आपणही तोंड वाकडं करून दाखवू लागला. आठवड्याच्या आत आई गेली. सगळं गाव म्हणालं, पास्मो झाला. तापलेल्या अंगाला गार पाणी लागलं की हेच होतं. सिला तेव्हा तेरा वर्षांची होती. त्या दिवसापासून दानिलो तिचा झाला.

तिनं त्याला तळहाताच्या फोडासारखा जपला. चेंडू खेळून आला की घाम वाळेपर्यंत पायरीवर बसायचं. गरम कॉफी प्यायल्यावर नळाखाली हात न्यायचा नाही. गावची सगळी पोरं शाळा सुटल्यावर पळत जाऊन नदीत उड्या टाकायची आणि दानिलो काठावरच्या दगडावर बसून अंग निवायची वाट बघायचा. तोपर्यंत पोरं पोहून, कपडे घालून घरी निघालेली असायची. त्यावरून त्याला खूप चिडवत. तो कधी रडला नाही, कधी चोरून उतरलाही नाही. सिलाला त्याचा केवढा अभिमान वाटायचा.

शुक्रवारी सकाळी उन्हं वर आल्यावरच ते निघाले, कारण दानिलोनं बुटांच्या नाड्या बांधण्यातच अर्धी सकाळ घालवली. बरोबर गावचा मोंचो होता, त्याची खेचरी आणि कुत्रा. मोंचो दर पवित्र शुक्रवारी सगळ्यांच्या मागून चालायचा आणि ज्याचे पाय गळतील त्याला खेचरीवर घालून खाली आणायचा. सिलाच्या वयाचाच होता, चालताना शीळ वाजवायची सवय होती.

"खेचरीनं तुझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली रे, दानिलो," तो म्हणाला.

"तिला सांग, मी पायानंच जाणार आणि पायानंच येणार."

पहिला चढ कॉफीच्या मळ्यातून होता, सावलीचा. तिथं दानिलो बोलत होता. प्रत्येक झाडापाशी त्याला काहीतरी आठवत होतं आणि त्यातलं निम्मं चुकीचं होतं. मळा संपला आणि उघडी तांबडी वाट सुरू झाली, तसा तो गप्प झाला. वारा बंद होता. आदल्या रात्रीच्या पावसाची ओल जमिनीतून वर येत होती, माणसाला शिजवून काढणारी. त्याचा सदरा पाठीला चिकटला, मग पँट मांड्यांना चिकटली. यारित्सानं दगडाची पिशवी मागितली, त्यानं दिली नाही. मोंचोनं मागितली, त्यालाही दिली नाही.

सिला मागून चालत त्याची पाठ बघत होती. आपला भाऊ म्हातारा होत चालला हे तिला त्या चढावर पहिल्यांदा कळलं.

पण तो पोचला. माथ्यावर क्रुसांखाली गुडघे टेकून त्यानं दगड ठेवला, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडला. "आलो, बाबा," एवढंच म्हणाला. गावच्या बायकाही रडल्या. यारित्सानं फोटो काढायला वर केलेला फोन खाली घेतला. सिलानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस तापलेले होते.

मग वारा सुटला, माथ्यावर दुपारी सुटतो तसा. सिलानं पिशवीतून त्याचं जाकीट काढलं.

"सिला, मी भाजून निघालोय."

"म्हणूनच. अंगातला घाम वाऱ्याला दाखवू नकोस."

त्यानं हात पुढे केले. तिनं जाकीट चढवलं आणि बटणं लावली, खालपासून वर, पार गळ्यापर्यंत. बटण पोटावर बसेना, तेव्हा त्यानं श्वास ओढून पोट आत घेतलं आणि दोघंही हसली.

उतरताना अर्ध्या वाटेवर एक डोह आहे. वरून ओढ्याची धार पडते, खाली काळंभोर, गार पाणी. येरवी तिथं पोरांचा दंगा असतो. त्या दिवशी काठावर माणसं बसली होती, पण पाण्यात कुणीच नव्हतं. कुणी पायसुद्धा बुडवलेला नव्हता. पवित्र शुक्रवारी पाण्यात उतरलेल्या माणसाचा मासा होतो, हे तिथल्या रांगत्या पोरालाही माहीत. फक्त मोंचोचा कुत्रा खुशाल पोहत होता.

"त्याला पाप नाही," मोंचो म्हणाला. "त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही."

दानिलो एका दगडावर धपकन बसला. तोंड लालबुंद झालं होतं आणि, नवल म्हणजे, घाम थांबला होता. सिलाला बरं वाटलं. अंग निवतंय, असं तिला वाटलं.

"मग मीही कुत्रा होतो," तो म्हणाला. शब्द जरा जड येत होते.

"मासा होशील."

"झालो तर झालो. उपास सुटल्यावर तळून खा मला." आणि तो बुटाच्या नाड्या सोडायला लागला. एक बूट काढला. मोजाही काढला. पाय सुजून पांढराफटक पडला होता. तो पाय पुढे करून तो पाण्याकडे बघत राहिला.

"तातो, नको," सिला म्हणाली. तातो हे त्याचं लहानपणीचं नाव. "आज शुक्रवार आहे. आणि तुझं अंग बघ किती तापलंय. अशा अंगानं गार पाण्यात?"

"आत्या, त्यांचा चेहरा बघ ना," यारित्सा म्हणाली. "त्यांना जाऊ दे पाण्यात. प्लीज."

"तुला नाही कळायचं, पोरी. मी पाहिलंय. विचार मोंचोला."

मोंचोनं टोपी मागे सारली. "आज नाही, बाई. उद्या सकाळी हवं तेवढं डुंबा. आज कुणी नाही उतरत."

यारित्सानं आवाज चढवला. ती तिकडच्या भाषेत बापाला भराभर काहीतरी बोलली. दानिलोनं ऐकून घेतलं. त्यानं पाण्याकडे पाहिलं, मग सिलाकडे पाहिलं, बराच वेळ. मग मुलीला तिच्याच भाषेत हळू आवाजात दोनचार शब्द बोलला. यारित्सा तोंड फिरवून उभी राहिली.

"बरं, सिला," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं."

त्यानं मोजा चढवला, बूट चढवला आणि नाड्या बांधल्या. बोटं नीट चालत नव्हती म्हणून शेवटची गाठ सिलानंच मारून दिली. थर्मासमधला आल्याचा गरम काढा तिनं त्याला पाजला. इतकी वर्षं परदेशात काढली, इंग्रजी बोलायला शिकला, तरी माझा भाऊ माझ्या शब्दाबाहेर नाही, असं तिच्या मनात आलं. काठावरच्या बायका बघत होत्या. तिची मान ताठ झाली होती.

कॉफीच्या मळ्याच्या वर तो थांबला. "आई," तो सिलाला म्हणाला, "इस्त्री झाली का?"

तो दोन पावलं आडवीतिडवी चालला आणि तोंडावर पडला.

पुढचं सगळं भराभर झालं. यारित्सा पाण्याची बाटली घेऊन धावली, बापाच्या डोक्यावर ओतायला. सिलानं तिचा हात धरला. घट्ट धरला. "नको! तोंड वाकडं होईल त्याचं! आधी निवू दे!" दोघींची झटापट झाली आणि बाटली तांबड्या मातीत सांडली. मोंचोनं आणि आणखी दोघांनी त्याला खेचरीवर आडवा घातला. खाली रस्त्यावर जीप मिळाली. सिलानं वाटभर त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं, आणि जाकिटाचं वरचं बटण सुटलं होतं ते तिनं लावलं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होती. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि तो झटकन मागे घेतला. आतून तिचा ओरडा ऐकू येत होता, बर्फ आणा, पंखा आणा, कपडे कापा. मग ओरडा थांबला. ती बाहेर आली तेव्हा हातमोजे काढत होती.

"उष्माघात," ती यारित्साला म्हणाली. "अंगाचा नुसता तवा झाला होता. अशा माणसाला तिथल्या तिथं गार पाण्यात ठेवावं लागतं. तुम्ही डोंगरावरून येत होता ना? वाटेत ओढाबिढा, पाणी काहीच नव्हतं?"

सिला बाकावर बसली होती. तिनं मान वर केली.

यारित्सानं तिच्याकडे पाहिलं. पोरीचे डोळे सुजले होते.

"नव्हतं," यारित्सा म्हणाली.

घरी मयताला सगळं गाव आलं. शुक्रवारी गेला, भाग्यवान, असं बायका म्हणत होत्या. देवानं स्वतःच्या दिवशी उचलला. बापाच्या नावानं क्रुसाशी रडून आला आणि गेला, असं मरण कुणाला मिळतं? एक जण तर सिलाच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "सिलाबाई, बरं झालं तुम्ही त्याला डोहात उतरू दिलं नाही. नाहीतर लोक म्हणाले असते, पाण्यानं मारला." सिलानं मान हलवली. यारित्सा कोपऱ्यात बूट मांडीवर घेऊन बसली होती. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेतही नाही. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर सिलाला सोसलं असतं. पण ती आत्याला वेळच्या वेळी कॉफी आणून देत होती.

घरात फुलं आणि मेणबत्त्यांची मांडणी केली होती, आणि त्यात रिवाजाप्रमाणे पाण्याचा पेला. गेलेल्याचा जीव तहानलेला असतो, तो येऊन पितो म्हणतात. रोज सकाळी पेला बदलायचं काम सिलाचं. पाणी थोडं कमी झालेलं दिसायचं. उन्हाळ्यात पेल्यातलं पाणी कमी होतंच, हे तिलाही कळत होतं. तरी ती तो पेला दोन्ही हातांत धरून उभी राहायची, आणि तिला वाटायचं, आता देतेय मी. आता, काठोकाठ भरून.

नववी प्रार्थना झाली, मांडणी उतरवली, पेला पालथा घातला. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी सिला कुणाला न सांगता घराबाहेर पडली. अंगात दानिलोचं जाकीट होतं. दवाखान्यात कापण्याआधी तेवढं कुणीतरी काढून ठेवलं होतं. तिनं त्याची बटणं गळ्यापर्यंत लावली. मळ्यातून ती भराभर चढली, उघड्या वाटेवर आणखी भराभर. छाती फुटायला आली तरी थांबली नाही. डोहापाशी पोचली तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि घाम हनुवटीवरून ठिबकत होता. तिनं जाकीट काढून दगडावर ठेवलं आणि कपड्यांसकट पाण्यात शिरली. गळ्यापर्यंत गेली, मग डोकं बुडवलं.

वर येऊन ती वाट बघत उभी राहिली.

तिनं ओठ डावीकडे नेले, उजवीकडे नेले. गाल दाबून पाहिले. जीभ बाहेर काढली. सगळं जागच्या जागी होतं. छातीतली धडधड हळूहळू उतरली, डोळ्यांपुढची अंधारी गेली, डोक्यातले घण थांबले. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की तिला ते सोसवेना. त्यालाही असंच वाटलं असतं. आणि मग आई? आई कशानं गेली? पन्नास वर्षं तिनं ज्या पाण्यावर डोळा ठेवला होता, त्यानं कधी कुणाचं काही केलंच नव्हतं. सिला पाण्यात उभी राहून गुरासारखी ओरडली.

ओरडून झाल्यावर तिला दिसलं की काठावर यारित्सा उभी आहे. पोरगी मागोमाग आली होती, धापा टाकत होती.

"त्या दिवशी इथं," सिला म्हणाली, "तो तुला तुमच्या भाषेत काय म्हणाला?"

यारित्सा खाली बसली. तिनं जाकीट उचलून मांडीवर घेतलं.

"सोड ना, आत्या."

"सांग."

"ते म्हणाले, राहू दे. ती घाबरते." यारित्सानं नाक पुसलं. "ते तिकडे रोज गार पाण्यानं अंघोळ करायचे. कामावरून आले की लगेच, घामाच्या अंगानं. म्हणायचे, सिलाला सांगू नकोस हं."

काठावरच्या दगडावर अंग निवायची वाट बघत बसलेलं पोर सिलाच्या डोळ्यांपुढे आलं. पोरं चिडवायची आणि तो बसून राहायचा. तो भित्रा नव्हता, आणि भोळाही नव्हता. त्या वयातही त्याला ठाऊक होतं, की आपण पाण्यात उतरलो तर हिच्या जिवाचं काय होतं.

ऊन कलत आलं. सिलाचे दात वाजायला लागले.

"बाहेर ये, आत्या," यारित्सा म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला. "किती वेळ गार पाण्यात उभी आहेस. आजारी पडशील. ये ना. माझ्यासाठी ये."

सिलाला त्या पाण्याची भीती आता उरली नव्हती. ते काही करणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली, आणि मुकाट्यानं बाहेर आली.

यारित्सानं तिला दगडावर बसवलं. ओल्या अंगावर जाकीट चढवलं आणि एकेक करत बटणं लावली, पार गळ्यापर्यंत. सिलानं ती लावू दिली.